फ्रामा-सीच्या पुस्तिका कोणत्या क्रमाने वाचाव्यात आणि हिरव्या चिन्हावर किती विसंबावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात वाहनांच्या कंट्रोल युनिटसाठी सी भाषेत एम्बेडेड सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका गटाने फ्रामा-सी हे सी प्रोग्रॅममधील दोष शोधणारे आणि त्याची अचूकता सिद्ध करू पाहणारे साधन वापरून पाहायचे ठरवले आहे. दस्तऐवज उघडल्यावर एक सलग पुस्तिका न दिसता बऱ्याच स्वतंत्र पुस्तिका समोर आल्या. त्यांपैकी कोणती आधी वाचावी, प्रोग्रॅमविषयीच्या एखाद्या विधानापुढे ते सिद्ध झाल्याचे सांगणारे हिरवे चिन्ह आले तर ते सुरक्षा-परीक्षणात पुरावा म्हणून मांडता येईल का, आणि गटाचा स्वतःचा एक कोडिंग नियम तपासण्यासाठी प्लगइन (साधनाला जोडायचा घटक) लिहायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी, असे तीन भाग प्रश्नात आहेत. मधल्या भागावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण उरलेल्या दोन भागांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

पुस्तिका विखुरलेल्या वाटतात याचे कारण साधनाच्या रचनेत आहे. फ्रामा-सी हे फ्रान्समधील सीईए-लिस्ट आणि इन्रिया या संशोधन संस्थांनी उभे केलेले, ओकॅमल भाषेत लिहिलेले मुक्त-स्रोत साधन असून त्याची पहिली आवृत्ती 2008 मध्ये आली. त्याचा कर्नल, म्हणजे गाभा, सी प्रोग्रॅम वाचतो, त्याला एका ठरावीक साच्यात आणतो आणि प्रोग्रॅमविषयीच्या प्रत्येक विधानाची सद्यस्थिती सांभाळतो. खरे विश्लेषण मात्र प्लगइन करतात. एव्हा हे प्लगइन अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनच्या पद्धतीने, म्हणजे पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी 1977 मध्ये मांडलेल्या सिद्धांताच्या आधारे, प्रत्येक चल कोणत्या मर्यादांत राहू शकतो ते काढते. डब्ल्यूपी हे प्लगइन होअर आणि डाइक्स्ट्रा यांच्या परंपरेतील वीकेस्ट प्रीकंडिशनचे, म्हणजे हवा तो निकाल मिळण्यासाठी आधी किमान काय खरे असावे लागते याचे, गणित करून सिद्धतेची प्रमेये तयार करते आणि ती अल्ट-एर्गोसारख्या स्वयंचलित सिद्धकाकडे सोपवते. आरटीई हे प्लगइन शून्याने भागाकार, पूर्णांकाचा ओव्हरफ्लो (उत्तर ठरलेल्या बिटांत न मावणे), अवैध पॉइंटर अशा जागी तपासणीची विधाने घालते, आणि ई-एसीएसएल तीच विधाने प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडमध्ये उतरवते. यांपैकी प्रत्येकाची पद्धत वेगळी, गृहीतके वेगळी, म्हणून पुस्तिकाही वेगळी. या सर्वांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे एसीएसएल ही विधाने लिहिण्याची भाषा. एक प्लगइन जे विधान मांडते ते दुसरे सिद्ध करू शकते आणि तिसरे ते गृहीत धरून पुढे जाऊ शकते.

म्हणून माझा आग्रह असा की कोणतीही पुस्तिका उघडताना एकच प्रश्न हातात असावा: हे प्लगइन एखादी गोष्ट खरी आहे असे म्हणते तेव्हा ते काय गृहीत धरून म्हणते? पर्यायांची यादी कोणालाही केव्हाही पाहता येते. कमांड लाइनवर प्लगइनच्या नावापुढे ‘एच’ लावले की ती समोर येते. गृहीतके मात्र पुस्तिकेच्या परिच्छेदांतूनच वेचावी लागतात.

क्रमाविषयी सांगायचे तर, प्रथम कर्नलच्या यूजर मॅन्युअलमधील तीन भाग वाचावेत: सोर्स फाइल कशा तयार कराव्यात, नॉर्मलायझेशन म्हणजे काय, आणि विधानांच्या स्थिती कशा ठरतात. नॉर्मलायझेशनचा भाग नवखे लोक हमखास वगळतात आणि मग पडद्यावरचा कोड आपला नाहीच असे त्यांना वाटते. तुम्ही लिहिलेला ‘फॉर’ लूप तेथे कायम चालणाऱ्या ‘व्हाइल’मध्ये, आत अट तपासून ‘ब्रेक’ घेणाऱ्या रूपात दिसतो, आणि गुंतागुंतीची पदावली तात्पुरत्या चलांमध्ये फोडलेली असते. विश्लेषण या रूपावर होते, त्यामुळे ते वाचण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. त्यानंतर एव्हाची पुस्तिका पूर्ण वाचावी, अगदी उदाहरणांसह. डब्ल्यूपीच्या पुस्तिकेतील मेमरी मॉडेलचे (मेमरी आणि पॉइंटर गणितात कसे मांडले जातात याचे) प्रकरण वाचल्याशिवाय डब्ल्यूपीला हात लावू नये. एसीएसएलची पुस्तिका सलग वाचण्याची गरज नाही, ती संदर्भासाठी हाताशी ठेवावी. मात्र तिची दोन रूपे आहेत हे ध्यानात असू द्यावे. एका रूपात भाषेची संपूर्ण व्याख्या आहे, तर दुसऱ्यात त्यातील कोणता भाग फ्रामा-सीमध्ये खरोखर उपलब्ध आहे ते सांगितले आहे, आणि उपलब्ध नसलेला भाग लाल अक्षरांत दाखवला आहे. तुम्हाला दुसरे रूप हवे. आवृत्त्यांना हायड्रोजनपासून सुरू करून मूलद्रव्यांची नावे अणुक्रमांकानुसार दिली जातात, आणि पुस्तिकाही आवृत्तीगणिक निघतात; इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या उत्तरांत पर्यायांची नावे बदललेली असतात, तेव्हा बसवलेली आवृत्ती आणि हातातली पुस्तिका जुळते आहे ना, हे आधी पाहावे.

आता एक लहान फंक्शन घेऊ, म्हणजे गृहीतकांचा मुद्दा नेमका कुठे येतो ते दिसेल. सेन्सरकडून आलेल्या 16 बिटी चिन्हांकित नमुन्यांची सरासरी काढायची आहे. फंक्शनला नमुन्यांच्या अ‍ॅरेचा पॉइंटर आणि नमुन्यांची संख्या एन मिळते. लूपमध्ये 32 बिटी पूर्णांकात बेरीज होते आणि शेवटी तिला एनने भागले जाते. आरटीई येथे चार प्रकारच्या विधानांची मागणी करेल: अ‍ॅरेतील प्रत्येक वाचन वैध असावे, बेरजेचा ओव्हरफ्लो होऊ नये, एन शून्य नसावा, आणि भागाकाराचे उत्तरही 32 बिटांत मावावे. शेवटची मागणी अनेकांना अनावश्यक वाटते, पण सर्वांत लहान ऋण संख्येला उणे एकने भागले तर उत्तर मावत नाही, म्हणून ती रास्त आहे. एन शून्याहून मोठा असल्याची पूर्वअट लिहिली की शेवटच्या दोन्ही मागण्या मिटतात.

खरी गंमत बेरजेत आहे. लूप इन्व्हेरियंट, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत खरे राहणारे विधान, म्हणून आपण लिहितो की आय नमुने झाल्यावर बेरीज उणे 32768 गुणिले आय आणि 32767 गुणिले आय यांच्या दरम्यान असते. मग एन किती मोठा चालेल? धन बाजूने 65538 नमुन्यांपर्यंत बेरीज 2147483646 होते आणि 2147483647 या कमाल मर्यादेत राहते. ऋण बाजूने मात्र 65536 नमुन्यांनाच बेरीज बरोबर उणे 2147483648 वर, म्हणजे किमान मर्यादेवर टेकते आणि पुढचा एक नमुना ती मोडतो. म्हणून पूर्वअटीत एनची कमाल मर्यादा 65536 ही लिहावी लागते. चाचण्यांमधून हा आकडा हाती लागणे अवघड असते, पण डब्ल्यूपी तो बिनचूक मागते आणि योग्य पूर्वअट दिल्यावर प्रमेय सुटते. एवढे झाल्यावर फंक्शन ‘सिद्ध’ झाले असे म्हणायचा मोह होतो. प्रत्यक्षात सिद्ध झाले ते इतकेच, की पूर्वअट पाळून कोणी हे फंक्शन बोलावले तर आत काही बिघडणार नाही. ती पूर्वअट प्रत्येक बोलावणारा पाळतो का, हे अजून कोणी तपासलेले नाही.

हेच फंक्शन एव्हाला दिले तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ‘मेन’ म्हणून हे फंक्शन निवडले आणि ‘लिब-एंट्री’ पर्याय दिला, तर ग्लोबल चलांची किंमत काहीही असू शकते असे एव्हा मानते, जे सावधपणाचे आहे. पण पॉइंटर आर्ग्युमेंट कुठे निर्देश करतो? एव्हाला काही सांगितले नसेल तर ती स्वतः एक लहान अ‍ॅरे कल्पून घेते, आणि तिच्या लांबीचे मूळ मूल्य 2 घरांचे असते. म्हणजे अशा चालवण्यातून आलेला निष्कर्ष 2 नमुन्यांच्या अ‍ॅरेविषयीचा असतो, तुमच्या 64 किंवा 1024 नमुन्यांच्या बफरविषयीचा नसतो. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे, तरीही मी पाहिलेल्या बहुतेक पहिल्या अहवालांत याची नोंद नसते. उपाय सरळ आहे. एक छोटे ड्रायव्हर फंक्शन लिहावे, त्यात खऱ्या आकाराचा अ‍ॅरे घ्यावा, इंटरव्हलची बिल्ट-इन फंक्शने वापरून त्यात शक्य त्या सर्व किमती भराव्यात आणि मग मूळ फंक्शन बोलवावे. असे ड्रायव्हर फंक्शन स्वतःच एक दस्तऐवज असते, कारण विश्लेषण कोणत्या परिस्थितीसाठी आहे ते त्यात कोडच्या भाषेत लिहिलेले असते.

तुमच्या क्षेत्रासाठी आणखी काही जागा महत्त्वाच्या आहेत. मायक्रोकंट्रोलरची रजिस्टरे ठरावीक पत्त्यांवर असतात. एव्हाच्या दृष्टीने असा पत्ता अवैधच असतो, आणि तो कायदेशीर आहे हे ‘अ‍ॅब्सोल्यूट-व्हॅलिड-रेंज’ या पर्यायाने सांगावे लागते. व्होलाटाइल, म्हणजे प्रोग्रॅमबाहेरून केव्हाही बदलू शकणाऱ्या, चलाच्या प्रत्येक वाचनाला कोणतीही किंमत येऊ शकते असे एव्हा मानते, जे सुरक्षित आहे पण त्यामुळे अलार्म, म्हणजे संभाव्य दोषांचे इशारे, वाढतात. एव्हाचे विश्लेषण एका क्रमाने चालणाऱ्या प्रोग्रॅमचे आहे. इंटरप्ट रूटीन मध्येच येऊन सामायिक चल बदलते ही शक्यता ती आपणहून विचारात घेत नाही, तिची मांडणी तुम्हालाच करावी लागते. चिन्हरहित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो सी मानकानुसार परिभाषित असल्यामुळे त्याचा अलार्म मूळ मांडणीत येत नाही. टाइमरच्या मोजणीत तो हेतुपुरस्सर असतो, पण लांबीच्या हिशेबात तो दोष ठरतो, तेव्हा तो पर्याय चालू करायचा की नाही हे प्रत्येक मॉड्यूलसाठी ठरवावे. आणि ‘मॅकडेप’, म्हणजे लक्ष्य यंत्रातील पूर्णांकांचे आकार व रचना, ही स्पष्टपणे लिहूनच द्यावी. ज्या यंत्रावर ‘इंट’ 16 बिटांचा आहे त्यासाठी वरचे सगळे गणित बदलते.

सर्वांत धोकादायक जागा मात्र दिसायला सर्वांत निरुपद्रवी आहे. ज्या फंक्शनचा कोडही नाही आणि एसीएसएलमधील करारही (पूर्वअटी आणि हमी) नाही, त्याच्यासाठी कर्नल केवळ प्रोटोटाइप पाहून एक ‘असाइन्स’ कलम स्वतः तयार करतो आणि तशी सूचना देतो. हे फंक्शन कोणत्या चलांना हात लावते याचा तो अंदाज असतो, आणि पुढचे संपूर्ण विश्लेषण त्या अंदाजावर उभे राहते. हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शनच्या थरातील फंक्शने बहुधा अशीच बाहेर ठेवलेली असतात. एखादे फंक्शन गुपचूप एखादा ग्लोबल ध्वज बदलत असेल तर एव्हाला ते कधीच कळणार नाही, आणि त्या ध्वजावर अवलंबून असलेली एक अख्खी शाखा ती मृत मानेल. मृत शाखेत अलार्म येत नाहीत. अहवाल स्वच्छ दिसतो. म्हणून अलार्मांची संख्या पाहण्याआधी एव्हाच्या अखेरच्या सारांशातील कव्हरेज पाहावे: किती फंक्शनांचे विश्लेषण झाले आणि कोडमधील किती स्टेटमेंटांपर्यंत ते पोहोचले. जी स्टेटमेंटे पोहोचण्याजोगी असायला हवीत पण जिथे विश्लेषण पोहोचले नाही, त्यांचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. कर्नलने ‘असाइन्स’ कलम स्वतः तयार केल्याची सूचना चेतावणीऐवजी त्रुटी ठरवून विश्लेषण थांबवण्याची सोय कर्नलमध्ये आहे. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी असे मी आवर्जून सांगेन.

अलार्म कोणत्या क्रमाने पाहावेत यालाही कारण आहे. एव्हा अलार्म दिल्यावर थांबत नाही. तो धोका घडला नाही असे मानून, म्हणजे किमती तेवढ्या आक्रसून, ती पुढे जाते. पहिल्या जागी पॉइंटर अवैध असू शकतो असा अलार्म आला, तर पुढच्या ओळींत तो वैध मानलेला असतो. त्यामुळे खालच्या ओळींतील शांतता वरच्या अलार्मावर अवलंबून असते, आणि अलार्म वरून खाली, बोलावण्याच्या क्रमाने सोडवावे लागतात. अचूकता वाढवण्यासाठी ‘एव्हा-प्रिसिजन’ हा 0 ते 11 असा एकच आकडा दिला की आतले अनेक पर्याय एकत्र बदलतात. लहान आकड्याने सुरुवात करावी, आधी स्टब (कोड नसलेल्या फंक्शनांच्या जागी ठेवलेली बदली फंक्शने) आणि ड्रायव्हर नीट करावेत, आणि मगच आकडा वाढवावा. उलट क्रमाने गेल्यास अनेक तासांचे विश्लेषण चुकीच्या मांडणीवर खर्च होते.

आता हिरव्या चिन्हाकडे येऊ. कर्नल प्रत्येक विधानाविषयी सर्व प्लगइनांनी दिलेले निर्णय एकत्र करतो आणि त्यांतून एकत्रित स्थिती काढतो. पूर्ण हिरवे चिन्ह म्हणजे विधान सिद्ध आहे आणि ते ज्यांवर अवलंबून आहे ती विधानेही सिद्ध आहेत. अर्धे हिरवे, अर्धे नारिंगी चिन्ह म्हणजे स्थानिक सिद्धता झाली आहे, पण तिच्यामागचे एखादे गृहीतक अजून मोकळे आहे. आपल्या सरासरीच्या फंक्शनची पूर्वअट एखाद्या बोलावणाऱ्याने पाळल्याचे सिद्ध झाले नसेल तर आतली प्रमेये अशी दिसतात. हा भेद रिपोर्ट प्लगइनच्या मजकुरातही येतो आणि तोच परीक्षणात मांडावा. नुसत्या डब्ल्यूपीच्या ‘इतकी प्रमेये सुटली’ या ओळीला तेवढे वजन नाही.

पण पूर्ण हिरव्या चिन्हामागेही काही गोष्टी उरतात, आणि त्या कर्नलच्या हिशेबात येत नाहीत. डब्ल्यूपीचे मेमरी मॉडेल काही पॉइंटर एकमेकांपासून वेगळ्या जागी आहेत असे मानू शकते. ती गृहीतके प्लगइन सूचनेच्या रूपात छापते, आणि ती पाळली जातात हे तपासण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची असते. आरटीईची विधाने घातली नसतील तर डब्ल्यूपी केवळ तुमचे करार तपासते, ओव्हरफ्लोकडे पाहतही नाही. ‘अ‍ॅडमिट’ म्हणून लिहिलेले विधान सिद्ध न करताच खरे धरले जाते, ‘चेक’ म्हणून लिहिलेले तपासले जाते पण पुढच्या सिद्धतेत वापरले जात नाही, आणि ‘असर्ट’ या दोन्ही गोष्टी करते. परीक्षणाआधी सगळ्या कोडमध्ये ‘अ‍ॅडमिट’ आणि स्वतः लिहिलेली अ‍ॅक्झियम शोधून त्यांची यादी करावी, आणि प्रत्येकासमोर ते खरे का आहे याचे कारण एका माणसाने लिहून दुसऱ्याने तपासावे.

तेव्हा पुरावा म्हणून मांडता येईल का, याचे उत्तर होय असे आहे, पण चिन्ह एकटे मांडता येणार नाही. वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेचे आयएसओ 26262 हे मानक आपल्या 2018 च्या आवृत्तीत अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनवर आधारलेल्या विश्लेषणाचा उल्लेख करते, आणि साधनावर किती विश्वास ठेवायचा याचे समर्थन वेगळे मागते. त्या समर्थनात फ्रामा-सीची व सिद्धकांची आवृत्ती, पूर्ण कमांड लाइन, मॅकडेप, ड्रायव्हर फाइल, स्टबांचे करार, कर्नलने स्वतः कलम तयार केलेल्या फंक्शनांची यादी आणि वरची अ‍ॅडमिटांची यादी असली पाहिजे. बिल्डमधील प्रीप्रोसेसरचे ध्वज हाताने उतरवून काढू नयेत. कंपायलेशन डेटाबेसची जेसन फाइल कर्नलला थेट देता येते, त्यामुळे विश्लेषण झालेला कोड आणि गाडीत जाणारा कोड एकच असल्याचे दाखवणे सोपे होते. हे सगळे एका मेकफाइलमध्ये बांधून रिपॉझिटरीत ठेवावे, आणि जी विधाने एव्हा आणि डब्ल्यूपी या दोन्ही प्लगइनांना सुटली नाहीत त्यांच्यासाठी ई-एसीएसएलने उतरवलेला कोड चाचण्यांत चालवून पाहावा. असा कोड चाचणीत न अडखळणे म्हणजे सिद्धता नव्हे, तेव्हा अहवालात त्याचा रकाना वेगळा ठेवावा.

प्लगइन लिहिण्याविषयी थोडक्यात सांगतो. ओकॅमल शिकणे टळत नाही, पण प्लगइन डेव्हलपमेंट गाइडमधील सुरुवातीचा पाठ एका साध्या प्लगइनपासून नोंदणी, पर्याय, बिल्ड आणि सिंटॅक्स ट्रीवरून फिरणारा व्हिजिटर इथपर्यंत नेतो, आणि तुमच्या कोडिंग नियमासाठी बहुधा तेवढेच लागते. व्हिजिटर जागेवर बदल करणारा घ्यायचा की नव्या प्रोजेक्टमध्ये प्रत करणारा, हे आधी ठरवावे. नुसती तपासणी करायची असेल तर बदल न करणारा जागेवरचा व्हिजिटर पुरतो. नियम केवळ मांडणीविषयी असेल, तर चेतावणी छापून थांबावे आणि विधानांच्या स्थितीला हात लावू नये.

विधानांना स्थिती द्यायचीच असेल तर प्लगइनला एमिटर, म्हणजे निर्णय देणारा घटक, म्हणून नोंदवावे लागते, आणि त्या वेळी कर्नल तुमच्या पर्यायांचे दोन गट मागतो. पहिल्या गटात ते पर्याय येतात जे बदलले तर आधी दिलेला निर्णयच चुकीचा ठरू शकतो. सुरुवातीचे फंक्शन आणि ‘लिब-एंट्री’ या जातीचे. दुसऱ्या गटात ते, जे बदलल्याने फार तर ‘माहीत नाही’च्या जागी निर्णय येईल, सिद्धकाला दिलेली वेळमर्यादा किंवा अचूकतेचा आकडा या जातीचे. तुमच्या प्लगइनची पुस्तिका लिहायला बसाल तेव्हा तिची पहिली दोन प्रकरणे याच दोन गटांची करावीत, आणि पहिल्या गटातील प्रत्येक पर्यायाखाली तो चुकीचा दिल्यास कोणता खोटा निष्कर्ष हिरवा दिसेल याचे एक चालणारे उदाहरण द्यावे.